बिनक्लचच्या गाडीचा क्लच

वांकिडीच्या उत्तमरावांच्या गाडीला क्लच नव्हता, आणि त्या क्लचची जेवढी देखभाल झाली तेवढी आसिफाबाद ते राजुरा या रस्त्यावर दुसऱ्या कुठल्याही क्लचची झाली नसेल. हे वाक्य चुकून लिहिलेलं नाही. सावकाश सांगतो.

उत्तमरावांचं भांड्यांचं दुकान होतं. पितळेचं कमी, स्टीलचं जास्त, कारण काळ तसा आला होता. लग्नाची भांडी हा त्यांचा खरा धंदा, आणि तो दुकानात बसून होत नाही. ज्या घरी लग्न निघालं त्या घरी जावं लागतं, ओट्यावर टेकावं लागतं, पहिला चहा नको म्हणावा लागतो आणि दुसरा घ्यावा लागतो. मग कुठे घागरी-परातींचा विषय निघतो. त्यासाठी त्यांनी एक जुनी जीप ठेवली होती आणि ती ते स्वतः चालवत.

एकदा मालाच्या ट्रकवरून उतरताना हातातलं पातेलं वाचवण्याच्या नादात ते पडले. पातेल्याला पोचा आला नाही. डावा गुडघा मात्र मोडला.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढलं आणि पाय हलवून पाहिला. तो हलला नाही.

"रोज खुर्चीत बसायचं, आणि जड वस्तू पायानं दाबायची आणि सोडायची," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

"पाय मोकळा होईपर्यंत."

उत्तमराव व्यापारी माणूस. समोर गिऱ्हाईक नसताना ते तोंडही हलवत नसत, पाय कुठून हलवणार?

आता जीपचा क्लच असतो डाव्या पायाखाली. पाय वाकत नाही म्हणून क्लच नाही, क्लच नाही म्हणून जीप नाही. जीपवर मेव्हणा आला. खुशाल, म्हणजे त्यांच्या बायकोचा, जयवंताबाईंचा धाकटा भाऊ. मनाने चांगला, आवाजाने मोठा. सुरुवातीला तो उत्तमरावांना नेऊन आणायचा. मग म्हणू लागला, "भाऊजी, तुमी काऊन तरास घेता? मी जाऊन येतो ना." मग लग्नघरच्या ओट्यावर तोच टेकू लागला, पहिला चहा तोच नको म्हणू लागला. होता होता गिऱ्हाइकं दुकानात डोकावून विचारू लागली, "खुशालशेठ नाईत का?" त्या वेळी उत्तमराव गल्ल्यामागे पाय लांब करून बसलेले असत. दुकानात विकायला न ठेवलेली वस्तू ती एवढीच.

भांडण करावं तर मेव्हण्याशी, आणि संध्याकाळी वाढणार त्याची बहीण. उत्तमराव वाढलेलं खात राहिले. पण त्यांना कळून चुकलं होतं की जो गाडी चालवतो तोच दुकान चालवतो. पुन्हा आपल्या हाताने गाडी चालवता आली तर दुकान आपलं, नाहीतर आपण दुकानाचे.

तेव्हा आमची राजधानी हैदराबाद होती आणि रेडिओ नागपूरचा लागायचा. रस्त्यावर गाडी दिसली तर ती जीप, नाहीतर अ‍ॅम्बॅसेडर. अशात बातमी आली की सिमेंटच्या कारखान्यातले एक तेलुगू इंजिनियरसाहेब निवृत्त होऊन आपल्या गावी निघालेत आणि त्यांची विलायती गाडी विकायची आहे. गाडी जुनी, पोपटी रंगाची, लांबच लांब. साहेबांच्या भावाने बोटीतून आणलेली.

"या गाडीला क्लच नाही," साहेब म्हणाले. "गिअर आपोआप पडतात. डाव्या पायाला काही कामच नाही."

उत्तमरावांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. अशी मालकाच्या मापाने बेतलेली गाडी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

साहेबांनी बॉनेट उघडून तेल मोजायच्या दोन दांड्या दाखवल्या. एक इंजिनच्या तेलाची, दुसरी गिअरच्या तेलाची. "ई नूने चूडंडी," हे तेल बघत जा, असं ते दुसऱ्या दांडीवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा सांगत होते. इंजिन चालू ठेवून बघायचं. तेल लाल असेल तर ठीक. काळं पडलं, जळका वास आला, तर बदलायचं. या गाडीत इंजिनची ताकद चाकापर्यंत नेतं ते हे तेलच, दुसरं कोणी नाही.

उत्तमरावांना तेलुगू बाजारापुरतं चांगलं येत होतं. सगळं समजलं. पण विकणारा जे आवर्जून सांगतो ते भाव पाडायला वापरायचं असतं, लक्षात ठेवायला नव्हे, हा व्यापारातला जुना नियम. त्यांनी भाव पाडून घेतला आणि सूचना तिथेच ठेवून आले.

गाडी त्यांनी स्वतः चालवत गावात आणली. दारात गर्दी जमली. गर्दीच्या पुढे त्यांचे चुलते, दादाजी. निजामाच्या अमलात ते महसूल खात्यात कारकून होते. कुठलाही कागद मुकम्मल, म्हणजे सगळ्या बाजूंनी पुरा, असल्याशिवाय त्यांनी पुढे सरकवला नव्हता, आणि आता कागद येत नसल्यामुळे ते इतर गोष्टी तपासत. दादाजी मानाने पुढच्या सीटवर बसले आणि खाली बघू लागले.

"उत्तम, तिसरं कुठी आहे?"

"काय तिसरं, काका?"

"पायडल. हे ब्रेकचं, हे रेसचं. क्लच कुठी आहे?"

"या गाडीले नसते काका. गिअर आपोआप पडते."

"आपोआप म्हनजे कोन पाडते?"

"गाडीच पाडते."

"मंग तू काय करतं?"

दादाजी काठी टेकत उतरले आणि जमलेल्या गावाला उद्देशून म्हणाले, "गाडी चांगली आहे. मुकम्मल नाई."

आमच्या भागात गाडी रिकामी जाऊ देत नाहीत. चंद्रपूरला निघालेल्या गाडीत एखादा दुखणेकरी, दोन कोर्टाची माणसं आणि कोणाच्या तरी लेकीला पोचवायची पिशवी एवढं असतंच. गाडी रिकामी गेली तर मालकाचं आणि गावाचं काहीतरी बिनसलं असं धरतात. उत्तमरावांची गाडी रिकामी जाऊ लागली. फाट्यावर ते मुद्दाम थांबत. लोक रामराम करत, जयभीम करत, तब्येत विचारत आणि पुन्हा बस येते त्या दिशेला तोंड करून उभे राहत. एका लग्नघरी तर यजमानाने चहा समोर ठेवून विचारलं, "उत्तमराव, ज्याच्या गाडीतच एक वस्तू कमी, त्याच्याकडून आंदनाचे पाच भांडे पुरे येतीन का?" आणि भांडी खुशालकडून घेतली. दुकान तेच, भांडी तीच. पण खुशालची जीप मुकम्मल होती.

खरं म्हणजे त्या गाडीत दोष एकच होता, ती बिघडत नव्हती. जीप रोज बिघडायची, रोज कोणीतरी दुरुस्त करायचं, आणि दुरुस्त कोणी केली हे सगळ्यांना माहीत असायचं. अशा गाडीवर माणसाचा विश्वास बसतो. जी कधी बिघडतच नाही तिचा भरवसा काय धरायचा?

शेवटी उत्तमराव मोतीराम मिस्त्रीकडे गेले. मोतीराम तेलावरच्या पाणी-इंजिनांची आणि जिपांची कामं करी.

"सेठ, क्लच बशिवून घ्या," तो म्हणाला.

"आरे, पन जोडशीन कशाले?"

"फरशीले."

"आन् दाबल्यावर काय होईन?"

"वर येईन. पायडलाचं काम तेच असते."

मोतीरामने जुन्या जिपेचं एक पायडल घेतलं, ट्रकच्या सीटमधली एक दणकट स्प्रिंग घेतली आणि दोन्ही वेल्डिंग करून गाडीच्या तळाला बसवली. वर रबर चढवलं. काम इतकं सुबक झालं की शेजारची दोन खरी पायडलं नकली वाटू लागली. गाडी दारात आली. दादाजी पुन्हा आत बसले, खाली पाहिलं, मान हलवली.

"दाबून दाखव."

ज्या पायासाठी ही गाडी घेतली तोच पाय उत्तमरावांनी उचलला. दात आवळले. पायडल बोटभर खाली गेलं.

"अजून."

अजून अर्धं बोट गेलं. उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावाला वाटलं, आनंदाने आलं.

"मुकम्मल," दादाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसायला जागा मिळेना. पण बसणाऱ्या सगळ्यांचं लक्ष उत्तमरावांच्या डाव्या पायावर. चढ आला की मागून आवाज यायचा, "दुसरा टाका, सेठ." उत्तमराव क्लच दाबत आणि गिअरचा दांडा उगाच धरून सोडत. गिअर आपल्या वेळेला आपोआप पडायचा. कधी पायाच्या आधीच पडायचा. तेव्हा ते घाईने पाय मारून घेत, म्हणजे गाडीचं उणं दिसू नये. सुरुवातीला रोज संध्याकाळी घरी आल्यावर ते गुडघ्याला गरम एरंडेल चोळत आणि मोतीरामच्या पूर्वजांची आठवण काढत. हळूहळू एरंडेल कमी झालं. पूर्वजही सुटले.

तीन दसरे गेले. या काळात त्या क्लचची झाली तशी सेवा थोड्यांच्या वाट्याला येते. स्प्रिंगला ग्रीस, बिजागरीला तेल, रबर झिजलं की नवं रबर. दसऱ्याला चाकाखाली लिंबू, आणि हळदकुंकू आधी क्लचला, मग इंजिनला. गाडी बिघडत नव्हती याचं सगळं श्रेय मोतीरामच्या क्लचला गेलं. राजुऱ्याहून लोक त्याच्याकडे जिपा आणू लागले. मोतीराम प्रामाणिक माणूस. पण चांगलं नाव झालं की प्रामाणिकपणाही जरा दमाने घेतो. एकदा तोच गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सेठ, क्लच ढिला वाटून राह्यला. टाईट करून देऊ का?" उत्तमराव म्हणाले, "दे."

इंजिनचं तेलही वेळच्या वेळी बदललं जायचं. एक दांडी काढायची, पुसायची, बघायची. दुसरी दांडी कशाची हा प्रश्न एकदा निघाला होता. खुशालने सांगितलं, "ते स्टेपनी आहे. विलायती लोक सगळं दोन-दोन ठेवतात." प्रश्न मिटला.

मग गाडी सकाळी निघताना जरा विचार करू लागली. गिअर टाकल्यावर थोडं थांबायची, नंतर हिसका देऊन चालायची. लांबच्या चढावर इंजिन मोठ्याने बोलायचं आणि गाडी त्या मानाने कमी पळायची. जळका वास येई. तो कोळशाच्या खाणीकडून येतो, वारा तिकडचा आहे, असं सर्वानुमते ठरलं.

त्या वर्षी राजुऱ्याकडच्या नागोरावांनी तीन मुलींची लग्नं एकाच मांडवात काढली. तीन आंदणं, तिन्हींत भांडं-भांडं सारखं पाहिजे, नाहीतर जावई रुसतील. असं काम त्या भागात कोणी पाहिलं नव्हतं. नागोरावांच्या ओट्यावर जो बसेल त्याला यापुढे सगळ्या ओट्यांवर जागा, हे उत्तमरावांना कळत होतं. खुशाललाही कळत होतं.

"मी नमुने घेऊन जीपनं पुढं निंगतो भाऊजी, तुमी सावकाश या," खुशाल म्हणाला.

"तू मांगून ये," उत्तमराव म्हणाले. असं ते बऱ्याच दिवसांत म्हणाले नव्हते.

गाडीत दादाजी पुढे, कारण नागोराव त्यांचे दूरचे सोयरे. मागे जयवंताबाई, कारण भांडं बाईशिवाय ठरत नाही. त्यांच्या शेजारी मोतीराम, कारण त्याला राजुऱ्याहून सामान आणायचं होतं आणि गाडी जातच होती.

महाराष्ट्राच्या सरहद्दीच्या अलीकडे सागाच्या जंगलात एक लांब चढ आहे. चढाच्या मध्यावर इंजिन गरजलं आणि गाडी थांबली. उत्तमरावांनी रेस वाढवली. इंजिन आणखी गरजलं. गाडी ऐकून घेत उभी राहिली. जळका वास आला. खाण त्या दिवशी फारच जवळ आलेली दिसत होती.

"क्लचप्लेट गेली," दादाजी म्हणाले.

आरशात मोतीरामने उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमरावांनी एका सागाकडे पाहिलं. गाडीला क्लच नाही हे त्या जंगलात दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांनाही ते सांगायची सोय नव्हती. तीन वर्षं गाव ज्या क्लचच्या भरवशावर बसलं, तो फरशीला जोडलाय असं आता कसं सांगणार? मोतीरामचं नाव गेलं असतं आणि उत्तमरावांची गाडी पुन्हा रिकामी धावली असती.

"हाव," उत्तमराव म्हणाले. "क्लचच दिसते."

"मोतीराम, तूच बशिवला होता ना?" दादाजींनी विचारलं.

"मीच बशिवला."

"मंग गेला कसा?"

"गरम झाला असंन," मोतीराम म्हणाला. पायडलावर ऊन पडत होतं, तेव्हा हे खोटंही नव्हतं.

आमच्याकडे गाडी थांबली की खाली उतरून ढकलायची, मग आजार कोणताही असो. मोतीरामने ढकललं. दादाजींनी काठीने दिशा दाखवली. चढ होता, त्यामुळे गाडी उलट मोतीरामलाच ढकलू लागली.

इतक्यात मागून खुशालची जीप आली. खुशालने ती अलीकडच्या सपाट जागी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. जीपचा सेल्फ मेलेला होता, बंद केली तर पुन्हा ढकलणं आलं. तो उतरून गाडीभोवती एक चक्कर मारून आला. चेहऱ्यावर दुःख होतं. पण ते आतून आलेलं नव्हतं, वरून चढवलेलं होतं.

"भाऊजी, राग नका मानू. तुमचं दाबनंच चुकते. तुमी अर्धाच दाबता, पाय तसा आहे ना तुमचा. क्लच असा जळतो. सरका, मी मोकळा करून देतो. मंग तुमी बसा इथी सावलीत आन् मी नागोरावकडे जाऊन येतो."

उत्तमराव सरकले. काय करणार? खुशाल गाडीत बसला आणि क्लच दाबू लागला. दाबायचा, सोडायचा, कान देऊन ऐकायचा, पुन्हा दाबायचा. खाली वाकून बघायचं त्याच्या मनात आलं नाही. क्लच बसवणारा मिस्त्री शेजारी उभा असताना वाकून बघणं बरं दिसत नाही.

"मिस्त्री, लागून राह्यला का?"

"थोडा थोडा," मोतीराम म्हणाला.

ऊन चढलं होतं. दादाजी तोवर जाऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसले होते. जयवंताबाई मागे घागरींच्या शेजारी.

"उत्तम," दादाजींनी हाक मारली, "तो दाबून राह्यला तवर आपन निंगू. लग्नघरचे लोक वाट पायतात. चल, बस."

दादाजींच्या लेखी त्यात नवल काहीच नव्हतं. पुतण्या तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत क्लच दाबत होता, आजही दाबेल. उत्तमरावही काकांचा शब्द मोडायची सवय नसल्यामुळे जाऊन बसले. डावा पाय सवयीने उचलला, सवयीने दाबला. पायडल लोण्यासारखं खाली गेलं. ट्रकच्या सीटच्या स्प्रिंगपुढे जीपची स्प्रिंग म्हणजे काय. पहिला पडला, दुसरा पडला. जीप पोपटी गाडीच्या शेजारून वर गेली. आत खुशालचं डोकं वर-खाली होत होतं. त्याने हात करून खूण केली, होत आलं.

चढ संपला, रस्ता सपाट झाला, तेव्हा उत्तमरावांनी खाली पाहिलं. गुडघा वाकत होता. त्यांनी पुन्हा क्लच दाबला, गरज नसताना. पुन्हा वाकला.

"आयकलं का," ते मागे न बघता जयवंताबाईंना म्हणाले, "माह्या पाय वाकून राह्यला."

"लय दिवसाचा वाकून राह्यला. पोळ्याच्या टायमाले झाकन पडलं त उकिडवं बसून उचललं तुमी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"पाय तुमचा. आन् जीपवर माह्या भाऊ. मी कोनाले सांगू?"

दादाजींनी यावर काही मत दिलं नाही. ते उत्तमरावांच्या तिन्ही पायडलांकडे समाधानाने बघत होते.

नागोरावांच्या ओट्यावर उत्तमराव मांडी घालून बसले. पहिला चहा नको म्हणाले. जयवंताबाईंनी पराती वाजवून दाखवल्या. दुसरा चहा झाला, तिसराही झाला. तिन्ही आंदणं ठरली, आणि नागोराव उठताना म्हणाले, "आता दुकानाच्या कामाले तुमीच येत जा उत्तमराव. तो खुशाल लय बोलते."

परत येताना संध्याकाळ व्हायला आली होती. पोपटी गाडी तिथेच होती. मोतीराम एका दगडावर बसला होता. मधल्या वेळात त्याने बॉनेट उघडून पहिल्यांदाच ती स्टेपनी दांडी ओढून बघितली होती. टोकाला डांबरासारखं काळं काहीतरी चिकटलं होतं. त्याने वास घेतला, दांडी नीट पुसली आणि जिथली तिथे ठेवून दिली.

खुशाल घामाने भिजला होता, पण खुशीत होता.

"भाऊजी, क्लच मोकळा करून ठेवला. असा नरम झाला की बस. आता फक्त गाडी चालाची राह्यली."

उत्तमरावांनी गाडीत हात घालून ते पायडल दाबून पाहिलं. खरंच नरम झालं होतं.

"तुह्याच हाताचा गुन हाय खुशाल," ते म्हणाले. "हे गाडी आता तूच ठेव. माह्या पायानं क्लच जळते. तुह्याजवळ टिकंन."

खुशालला भरून आलं. विलायती गाडी, आणि भाऊजी स्वतः देताहेत. त्याने वाकून पाया पडून घेतलं, डाव्या पायाला आधी हात लावून. जीपला दोर बांधून उत्तमरावांनी गाडी गावात ओढून आणली. मागे गाडीत खुशाल बसला होता आणि उतारावर क्लच दाबत होता.

ती गाडी खुशालच्या दारात बरीच वर्षं उभी होती. दसऱ्याला तिच्या चाकाखाली लिंबू ठेवलं जायचं. चाक काही फिरत नसे, त्यामुळे लिंबू पुढे आठवडाभर तसंच पुरायचं. कोणी विचारलं की खुशाल सांगे, एवढं जरा गिअरचं बघायचं राहिलंय, बाकी क्लच एकदम पक्का आहे. आणि विचारणारा माणूस आत बसून दाबून बघायचा, आणि म्हणायचा, हाव, पक्का आहे.